टँकर आला होता की नाही? कुबरनेटिसच्या नेटवर्कवर डॅशबोर्ड बसवताना

आमच्या बाणेरच्या सोसायटीत उन्हाळ्यात एक भांडण ठरलेलं असतं. सेक्रेटरी म्हणतात, टँकर आलाच नाही. टँकरवाला फोनवर शपथा घेतो की आलो होतो, गेटवरून परत पाठवलं. गेटं तीन, प्रत्येकावर वेगळा वॉचमन, प्रत्येकाची वेगळी वही. कोण खरं बोलतंय ते कळायला तिन्ही वह्या एका टेबलावर आणाव्या लागतात, आणि तोवर नेमकं हवं ते पान चहाच्या हिशेबाखाली गेलेलं असतं.

ऑफिसात माझ्या वाट्याला येणारी भांडणं याच जातीची. ऑर्डरवाली टीम सांगते, आम्ही रिक्वेस्ट पाठवली. पेमेंटवाली टीम सांगते, आमच्याकडे काही आलंच नाही. दोघांचे लॉग आपापल्या परीने खरे. मधलं नेटवर्क मात्र तोंड उघडत नाही. ते बोलतं व्हावं म्हणून कंटेनर क्लस्टरवर नेटवर्क दाखवणारा डॅशबोर्ड बसवतात. बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण तो कोराच राहिला, किंवा त्यावर एखादी लाल रेघ उमटली, तर पुढे काय करायचं हे कळण्यासाठी पडद्यामागे वही कोण लिहितं ते माहीत असावं लागतं. म्हणून या लेखात बसवण्याच्या पायऱ्या थोड्या आणि वहीची गोष्ट जास्त आहे.

प्लगइन नक्की कुठलं?

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान एकाच डब्यात भरलेलं. असे शेकडो डबे अनेक मशीनवर सांभाळण्यासाठी कुबरनेटिस. गूगलने ते २०१४ मध्ये खुलं केलं, १.० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. अशा मशीनच्या समूहाला क्लस्टर म्हणतात, त्यातल्या एकेका मशीनला नोड, आणि एक किंवा काही कंटेनर ज्या खोलीत एकत्र राहतात तिला पॉड. एवढ्यावर आपलं भागेल.

आता गंमत अशी की कुबरनेटिस नेटवर्कचे फक्त नियम सांगतं. प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता हवा, आणि कुठल्याही नोडवरच्या पॉडला दुसऱ्या कुठल्याही पॉडपर्यंत पत्ता न बदलता पोचता यायला हवं. हे प्रत्यक्षात घडवायचं कसं, यात ते पडत नाही. ते काम सीएनआय नावाच्या ठरलेल्या सांध्यावर जोडलेलं वेगळं सॉफ्टवेअर करतं: फ्लॅनेल, कॅलिको, सिलियम, अँट्रिया, यांपैकी कुठलंतरी. सोसायटीच्या भाषेत, नियम कमिटीचे, पण वॉचमन एजन्सीचे.

या एजन्सीलाही प्लगइनच म्हणतात आणि वर बसवायच्या डॅशबोर्डलाही प्लगइनच म्हणतात. नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो. डॅशबोर्ड जे दाखवतो ते वॉचमनने लिहिलेलं असतं, त्यामुळे एजन्सी कुठली आहे यावर डॅशबोर्ड कुठला बसेल हे ठरतं. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी 'क्युब-सिस्टीम' या नेमस्पेसमधल्या, म्हणजे क्लस्टरच्या कप्प्यातल्या, पॉडची यादी काढा. बहुतेक वेळा तिथल्या नावांवरून एजन्सी ओळखता येते. कॅलिको बऱ्याचदा स्वतःच्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये असतं, तेवढं लक्षात ठेवा.

फ्लॅनेल असेल तर ते फक्त पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, पोचवतं, कुणाला अडवत नाही आणि कुणाची नोंदही ठेवत नाही. त्याच्यासोबत अशी खिडकी मिळत नाही. कॅलिकोच्या नव्या आवृत्त्यांत व्हिस्कर नावाचा पडदा आहे. ओपनशिफ्ट वापरणाऱ्यांना नेटवर्क ऑब्झर्व्हेबिलिटी ऑपरेटर बसवला की त्यांच्याच कन्सोलमध्ये नवा टॅब दिसू लागतो. 'डॅशबोर्ड प्लगइन' या शब्दांना सगळ्यात शोभणारं उदाहरण तेच. इंटरनेटवरचे जुने लेख अजूनही वीव्ह स्कोपची शिफारस करतात. दिसायला ते फार देखणं होतं, पण ते करणारी वीव्हवर्क्स कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. ऑक्टंट या दुसऱ्या डॅशबोर्डचंही काम थांबलेलं आहे. लेख किती साली लिहिलाय ते पाहिल्याशिवाय कुणाची कमांड उचलून चिकटवू नका.

मी पुढे सिलियम आणि त्याच्यासोबत येणाऱ्या हबल या नोंदी दाखवणाऱ्या डॅशबोर्डबद्दल बोलणार आहे. एक तर आमच्याकडे तेच आहे, आणि दुसरं म्हणजे वहीची कल्पना त्यात सगळ्यात स्वच्छ दिसते.

वही लिहिणारा वॉचमन

नेटवर्कवर नजर ठेवायची जुनी पद्धत म्हणजे वाटेवर वेगळा माणूस उभा करायचा. टीसीपीडम्प हे हत्यार तसंच. जाणारी-येणारी पॅकेटं त्याला दिसतात, पण गेट उघडायचा निर्णय त्याचा नसतो. त्यामुळे पॅकेट आलं हे तो सांगेल. ते आत गेलं की परत फिरलं, आणि का, हे त्याला माहीत नाही.

टीसीपीडम्प ज्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलं, तिथेच स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९२ मध्ये बीपीएफ या पॅकेट गाळणीवरचा लेख लिहिला. नको असलेली पॅकेटं कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, आतच गाळून टाकायची, उगाच वर पाठवायची नाहीत, हा त्यातला विचार. त्या बीपीएफचा मोठा भाऊ, ईबीपीएफ, २०१४ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आला. आता कर्नलच्या ठरावीक जागी तुम्ही तुमचा छोटा प्रोग्रॅम टांगू शकता. कर्नल तो आधी तपासून घेतो. कधीच संपणार नाही असा किंवा दुसऱ्याच्या मेमरीत हात घालणारा प्रोग्रॅम दारातूनच परत जातो.

सिलियम पॅकेटांची ने-आण आणि अडवणूक याच ईबीपीएफने करतं. म्हणजे गेट उघडणारा आणि वही लिहिणारा माणूस एकच. 'पुढे पाठवलं' किंवा 'अडवलं' हा शेरा, आणि अडवलं तर कारण, निर्णय घेताना तिथेच लिहिलं जातं. माझ्या मते हबलची खरी किंमत या एका गोष्टीत आहे. रंगीत नकाशा हा वरचा साज.

दुसरी सोय म्हणजे वहीत गाडीचा नंबर नसून फ्लॅटचा नंबर असतो. पॉड मरतात, नवे येतात, आयपी पत्ते बदलत राहतात. काल ऑर्डरकडे असलेला पत्ता आज रिपोर्टिंगच्या पॉडकडे असू शकतो. सिलियम पॉडला चिकटवलेल्या लेबलांवरून त्याची ओळख ठरवतं आणि वहीत नाव-लेबलं येतात. जुन्या काळी आयपी पत्त्यांची यादी एका हातात आणि लॉग दुसऱ्या हातात धरून रात्री काढलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

आता वहीची मर्यादा. प्रत्येक नोडवर सिलियमचा एजंट असतो आणि हबलचा सर्व्हर त्याच्याच पोटात चालतो. तो या नोंदी मेमरीत गोल फिरणाऱ्या वहीत ठेवतो. पानं संपली की पहिल्या पानावरचं पुसून पुन्हा तिथूनच लिहायला सुरुवात. मूळ सेटिंगमध्ये या वहीत ४०९५ नोंदी मावतात. सेकंदाला शंभर नोंदी होणाऱ्या नोडवर ती ४१ सेकंदांत भरते. सेटिंग वाढवून ६५,५३५ पर्यंत नेता येतं; त्याच वेगाने हिशेब केला तर अकरा मिनिटांच्या आत. 'काल रात्री काय झालं' हा प्रश्न घेऊन डॅशबोर्ड उघडणाऱ्याने हे आकडे आधी पाठ करावेत.

आणि या वह्या प्रत्येक नोडवर वेगळ्या. त्या एका टेबलावर आणणाऱ्याचं नाव हबल रिले. पुण्याच्या माणसाला ही रचना समजायला नारायणगावजवळचं खोडद पुरे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक अँटेना आपापलं ऐकते आणि ऑप्टिकल फायबरने मधल्या केंद्राकडे धाडते. रिलेचं काम तेवढं अवघड नाही. तिथे लहरींची गणितं होतात, इथे फक्त नोंदी वेळेप्रमाणे लावून पुढे करायच्या. पण एखाद्या अँटेनाची तार तुटली तर केंद्रात बसलेल्याला आकाशाचा तेवढा आवाज कमी येतो, हे दोन्हीकडे सारखंच.

बसवणं

पहिलं काम म्हणजे सिलियम स्वतः धड आहे का ते पाहणं. त्याच्या कमांडलाइन साधनाला 'सिलियम स्टेटस' विचारा. एजंट आणि ऑपरेटर हिरवे नसतील तर पुढे जाऊ नका. आजारी वॉचमनच्या वहीवर सुंदर कव्हर घालून उपयोग नाही.

मग त्याच साधनाने 'हबल एनेबल' म्हणायचं आणि सोबत 'यूआय' हा पर्याय जोडायचा. झालं. पण थांबा, सिलियम तुमच्याकडे हेल्म या कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाने बसवलं असेल, आणि त्याची सेटिंगं गिटमधून, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यातून, आपोआप लागू होत असतील, तर हाताने कमांड देऊ नका. डॅशबोर्ड येईल, तुम्ही टाळ्या वाजवाल, आणि पुढच्या सिंकमध्ये गिट म्हणेल की माझ्या यादीत हे नाही, आणि काढून टाकेल. अशा ठिकाणी हेल्मच्या व्हॅल्यूजच्या फाइलमध्येच हबल, रिले आणि यूआय हे तिन्ही चालू करायचे.

थोड्या वेळाने क्युब-सिस्टीममध्ये दोन नवे पॉड दिसतात, एक रिलेचा, एक यूआयचा. 'सिलियम हबल यूआय' ही कमांड तुमच्या लॅपटॉपवरच्या १२००० या पोर्टपासून क्लस्टरमधल्या यूआयपर्यंत तात्पुरता बोगदा काढते आणि ब्राउझर उघडते. नेमस्पेस निवडा. वर चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, खाली एकेक नोंद. पुढे पाठवलेलं आणि अडवलेलं, दोन्ही.

निदान असं दिसायला हवं. आमच्याकडे नुकतीच आलेली एक मुलगी पहिल्यांदा हे बसवून मला बोलवायला आली: "अरे, सगळं हिरवं आहे, पण हे कोरंच दिसतंय." दुर्बीण हबलचंही असंच झालं होतं. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली, आरशाला चुकीचा आकार दिल्याने चित्रं धूसर आली, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन एका अर्थी चष्मा लावला, तेव्हा कुठे नीट दिसू लागलं.

कोऱ्या पडद्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे त्या नेमस्पेसमध्ये कुणी कुणाशी बोलतच नाही. हा नकाशा चालू वाहतुकीवरून बनतो, बसवलेल्या गोष्टींच्या यादीवरून नाही. टेस्टच्या क्लस्टरवर संध्याकाळी सातला शांतताच असणार. एखाद्या पॉडमधून दुसऱ्याला चार-पाच हाका मारून पाहा.

तरीही कोरं राहिलं तर पडद्यापासून मागे मागे चालत जा. यूआय रिलेशी बोलतंय का? रिलेच्या लॉगमध्ये नोडची नावं आणि त्यांच्याशी जोडणी न झाल्याच्या तक्रारी आहेत का? असल्या तर दोन संशयित. एक, नोडांच्या मधल्या फायरवॉलने ४२४४ हे टीसीपी पोर्ट अडवलंय. एजंट त्यावर रिलेला वही दाखवतो. दोन, सर्टिफिकेट. रिले आणि एजंट एकमेकांची ओळखपत्रं तपासतात, आणि ती मुदतीची असतात. महिनोन्‌महिने चालणारा डॅशबोर्ड एके सकाळी काहीही न बदलता कोरा झाला, तर मी आधी मुदत पाहतो. आणि शेवटची पायरी म्हणजे थेट एका नोडवरच्या एजंट पॉडमध्ये शिरून 'हबल ऑब्झर्व्ह' म्हणायचं. तिथे नोंदी पळताना दिसल्या तर वॉचमन ठीक आहे, घोटाळा वह्या गोळा करण्यात आहे. त्या नव्या मुलीच्या बाबतीत सहापैकी दोन नोड फायरवॉलच्या वेगळ्या नियमाखाली होते, आणि तिचे दोन्ही टेस्ट पॉड नेमके त्या दोघांवर जाऊन बसले होते.

लाल रेघ

आता ते ऑर्डर आणि पेमेंटचं भांडण. सकाळी नवा रिलीज गेला आणि ऑर्डर सर्व्हिसचे पॉड पेमेंटला हाक मारताना टाइमआउट देऊ लागले. लॉगमध्ये पेमेंटचं नाव, म्हणून सगळे पेमेंटवर तुटून पडले. त्यांचे पॉड निवांत, सीपीयू झोपलेला.

टाइमआउट हा शब्दच इथे खूण आहे. पलीकडे पोर्टवर कुणी ऐकत नसेल तर बहुधा लगेच नकार येतो. पॉलिसीने, म्हणजे कोणी कुणाशी बोलायचं याच्या नियमाने, अडवलेलं पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातं. वॉचमन 'नाही' म्हणत नाही, गेटच उघडत नाही. बाहेरचा हॉर्न वाजवत बसतो.

डॅशबोर्ड उघडला तर ऑर्डरकडून पेमेंटकडे जाणारी रेघच नव्हती. लाल रेघ होती ती ऑर्डरकडून क्लस्टरच्या डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), पोर्ट ५३, यूडीपी, शेरा 'पॉलिसी डिनाइड'. आदल्या संध्याकाळी ऑर्डरच्या पॉडवर नवी पॉलिसी लावली होती: बाहेर जायचं तर फक्त पेमेंटकडे. लिहिणाऱ्याच्या मनात ते बरोबरच होतं. पण पेमेंटचा पत्ता आधी डीएनएसला विचारावा लागतो, आणि तो रस्ता यादीत नव्हता. रात्रभर सगळं चाललं कारण जुनी कनेक्शनं उघडीच होती, त्यांना पत्ता विचारायची गरज पडली नाही. सकाळी नवे पॉड आले, त्यांनी नाव विचारलं आणि तिथेच अडकले. पॉलिसीत डीएनएसला वाट करून दिली आणि मिनिटभरात ऑर्डर सुरू. पेमेंटवाल्यांनी त्या दिवशी चहा आमच्याकडून वसूल केला.

याच ठिकाणी नवखे लोक आणखी एका गोष्टीने दचकतात. डीएनएसच्या नोंदींत 'असं नाव अस्तित्वात नाही' अशी उत्तरं ढिगाने दिसतात. घाबरायचं कारण नाही. पॉडच्या सेटिंगमध्ये एनडॉट्सची किंमत मुळात पाच असते, म्हणजे नावात पाचाहून कमी टिंबं असली की आधी क्लस्टरमधले प्रत्यय जोडून शोध घेतला जातो, ते सगळे फसले की मग खरं बाहेरचं नाव. थोडं वाया जाणारं काम आहे, बिघाड नाही.

पण एक सांगायला हवं: ही नावं आणि एचटीटीपीचे मार्ग मुळात दिसत नाहीत. नुसत्या हबलने कुणाकडून कुणाकडे आणि कुठल्या पोर्टवर एवढंच कळतं. आतला मजकूर पाहायचा तर सिलियमच्या पॉलिसीत तसा नियम लिहावा लागतो, आणि मग ती वाहतूक एका प्रॉक्सीतून, म्हणजे मध्यस्थ प्रोग्रॅममधून, वळवली जाते. एचटीटीपीसाठी ती एन्व्हॉय असते. यात दोन खड्डे आहेत. वळसा आला म्हणजे थोडा वेळ आणि सीपीयू जाणार. आणि 'आम्हाला फक्त बघायचंय' म्हणून लिहिलेला नियम हाही नियमच असतो: तो त्या पॉडला लागू झाला की त्या दिशेने यादीत नसलेलं बाकी सगळं बंद. बघायला गेलो आणि गेटच बंद करून आलो, असं होऊ शकतं. म्हणून अशा नियमात बाकीच्या वाहतुकीला परवानगी आठवणीने द्यायची. टीएलएसने, म्हणजे कूटबद्ध करून, बंद केलेला मजकूर या वाटेनेही सहजासहजी दिसत नाही, तो पाकिटात बंदच राहतो.

वही कुणाला दाखवायची

हबलच्या खुल्या आवृत्तीतल्या यूआयला लॉगिनच नाही. ज्याच्या हाती पत्ता, त्याला सगळ्या सोसायटीचं येणं-जाणं दिसणार. कुठली सर्व्हिस कुठल्या डेटाबेसशी बोलते, बाहेरच्या कुठल्या कंपनीला हाका जातात, सगळं. टीमला सोयीचं म्हणून ते सरळ इंटरनेटवर उघडं ठेवलेलं मी पाहिलंय. बोगद्यापुरतं ठेवा, आणि सगळ्यांना हवंच असेल तर पुढे लॉगिन विचारणारी प्रॉक्सी बसवा. एचटीटीपीचे मार्ग दिसू लागले की त्यांच्या शेपटीला टोकन किंवा मोबाइल नंबर लटकलेले निघतात. ते झाकण्याची सोय हबलच्या सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्या दिवशीच चालू करावी.

राहिला प्रश्न रात्रीचा. त्या डीएनएसच्या प्रकरणानंतर मॅनेजरने विचारलं, हे अडवणं नेमकं किती वाजता सुरू झालं? वहीत उत्तर नव्हतं. ती तोवर शेकडो वेळा पुसून लिहून झाली होती.

इतिहास हवा असेल तर नोंदी नव्हे, त्यांची मोजदाद साठवायची. हबल प्रत्येक नोडवर ९९६५ या पोर्टवर आकडे मांडून ठेवतं, म्हणजे किती पॅकेटं अडली, कुठल्या कारणाने, डीएनएसचे प्रश्न किती. प्रोमिथियस हे आकडे साठवणारं सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने येऊन ते वाचून नेतं, मुळात पंधरा दिवस जपून ठेवतं, आणि ग्राफानावर आलेख दिसतो. हबलच्या सेटिंगमध्ये कुठले आकडे हवेत ते नावानिशी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर काहीच येत नाही. उत्साहाच्या भरात प्रत्येक आकड्याला पॉडचं नाव जोडू नका, कारण पॉड रोज नव्या नावाने जन्मतात, आणि प्रत्येक नाव म्हणजे प्रोमिथियसच्या मेमरीत आणखी एक ओळ. आमचं प्रोमिथियस याच चुकीने एकदा आडवं झालंय. नेमस्पेस किंवा सर्व्हिसच्या पातळीवर मोजलं तरी कामापुरतं कळतं.

अडवलेल्या पॅकेटांवर अलार्म लावला तेव्हा पहिला आठवडाभर तो रोज पहाटे वाजत होता. सुरक्षेच्या टीमचा स्कॅनर पहाटे प्रत्येक पॉडचं प्रत्येक पोर्ट ठोठावून जातो, आणि पॉलिसी त्याला इमानेइतबारे अडवतात. आता अलार्म स्कॅनरचं नेमस्पेस वगळतो, फक्त पॉलिसीचं कारण मोजतो आणि पाच मिनिटं सलग चढा राहिला तरच फोन करतो.